घरापासून अलग असलेल्या कार्यशाळेचा विमा कसा उतरवावा

गोव्यात बऱ्याच घरांच्या मागे किंवा बाजूला मुख्य इमारतीपासून अलग असा एखादा मांगर असतो. पूर्वी गवत, नारळ आणि शेतीची अवजारे ठेवण्यासाठी बांधलेल्या या जागेत आज कोणी करवतयंत्र व रंधायंत्र मांडून सुतारकाम करतो, तर कोणी चतुर्थीच्या आधी दोन-तीन महिने तिचीच चित्रशाळा, म्हणजे गणेशमूर्ती घडवण्याची जागा, करतो. घराचा विमा उतरवला म्हणजे मांगरही त्यात आला, असे अनेकजण गृहीत धरतात. पॉलिसीची भाषा मात्र या समजुतीला पुरेसा आधार देत नाही.

१ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे. तिच्यात घराच्या इमारतीबरोबर गॅरेज, कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची कायम बसवलेली टाकी आणि सौर पॅनेल यांचाही समावेश होतो. आवारातील इतर खोपटे व खोल्या मात्र राहण्यासाठी वापरल्या जात असतील तरच त्यात मोडतात. ज्या जागेत लाकूड कापले जाते ती राहण्याची जागा आहे, हे दाव्याच्या वेळी पटवून देणे कठीण जाते. म्हणून अर्ज भरण्याआधीच कंपनीला पत्राने किंवा ईमेलने जागेचे अंतर, बांधकाम, आतील यंत्रे आणि वापर स्पष्ट कळवावा, तिचा समावेश होतो की नाही हे लेखी विचारावे आणि होकार असेल तर पॉलिसीच्या परिशिष्टात मांगराचा स्वतंत्र उल्लेख करून घ्यावा. ‘घरातच दाखवूया, कोण विचारतो,’ असे सांगणारा एजंट भेटला तर त्याचे ऐकू नये, कारण आग लागल्यानंतर नुकसानीची पाहणी करणारा सर्वेक्षक नेमके तेच विचारतो.

येथे छंद आणि धंदा यांतील भेद निर्णायक ठरतो. स्वतःच्या घरापुरते टेबल-खुर्च्या करणाऱ्याची जागा घरगुती म्हणून स्वीकारली जाण्याची शक्यता बरी असते. पैसे घेऊन मूर्ती विकणाऱ्याची चित्रशाळा, ती वर्षातून तीनच महिने चालली तरी, व्यवसायाचीच जागा होय. ही गोष्ट दडवल्यास महत्त्वाची माहिती लपवल्याच्या कारणाने संपूर्ण दावा नाकारला जाऊ शकतो. अशा व्यावसायिकाने ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी मागावी. एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी ती आहे आणि तिच्यात इमारत, यंत्रे व माल यांच्या रकमा वेगवेगळ्या दाखवता येतात. मूर्तिकाराने मालाची रक्कम मे महिन्यातील साठ्यावरून न ठरवता, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात शेल्फ भरलेले असताना जेवढा माल असतो त्यावरून ठरवावी. गिऱ्हाइकाने दुरुस्तीसाठी आणून ठेवलेले कपाट किंवा देव्हारा ही आपली मालमत्ता नसल्यामुळे त्याची वेगळी नोंद मागावी लागते.

इमारतीची रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरू नये. चिऱ्याची भिंत, लाकडी वासे आणि मंगळुरी कौले आज पुन्हा उभी करण्यास जो खर्च येईल तोच धरावा. भिंती किंवा छप्पर झावळ्यांचे, बांबूचे अथवा ताडपत्रीचे असेल तर विमा कंपन्या ते कच्चे बांधकाम मानतात, त्यामुळे ही बाब अर्जात दडवू नये. गृह रक्षा पॉलिसीत घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढे संरक्षण आपोआप मिळते. म्हणजे ३० लाखांच्या इमारतीवर ६ लाख रुपये, आणि त्यातच फ्रीज, दूरदर्शन संच व पलंग बसवायचे असतात. यंत्रांसाठी हे अपुरे वाटत असेल तर यादी देऊन जास्त रक्कम घ्यावी. या पॉलिसीत कमी रकमेचा विमा घेतल्याबद्दल दाव्यात प्रमाणशीर कपात होत नाही. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत मात्र १५ टक्क्यांपर्यंतचीच तूट माफ आहे. १० लाखांच्या मालाचा ६ लाखांचाच विमा उतरवला असेल, तर विमा ६० टक्क्यांचाच असल्याने २ लाखांच्या नुकसानीवर कपातीनंतर सुमारे १ लाख २० हजार रुपयेच हाती पडतील.

धोक्यांच्या बाबतीत गोवेकराने पावसाळ्याकडे विशेष लक्ष द्यावे. मे २०२१मध्ये तौक्ते वादळाने गोव्यात असंख्य झाडे पाडली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नद्यांचे पाणी अनेक गावांत शिरले. वादळ, पूर, वीज कोसळणे, दरड आणि झाड पडून होणारे नुकसान गृह रक्षा पॉलिसीत येते, तेव्हा मांगरावर कललेला माड ही तिच्या कक्षेतली बाब आहे. दमटपणा, गंज आणि वाळवी यांनी सावकाश होणारे नुकसान मात्र त्यात येत नाही. फुटक्या कौलातून वर्षानुवर्षे गळणारे पाणीही बहुधा देखभालीच्या हयगयीतच गणले जाते. म्हणून पावसापूर्वीच्या शाकारणीची पावती जपून ठेवावी. शॉर्टसर्किटने मोटर जळाली तर त्या मोटरीची भरपाई मिळत नाही, पण तिथून पसरलेल्या आगीत इतर सामान गेले तर त्याची मिळते. मोटरीसाठी यंत्र बिघाडाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो, हाही कार्यशाळेतला एक धोका आहे.

चोरीविषयी गैरसमज फार आहे. मूळ पॉलिसीत चोरीचे संरक्षण एखाद्या विमित दुर्घटनेनंतरच्या ७ दिवसांपुरतेच असते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे कलम जोडावे लागते आणि त्यात कुलूप किंवा दार फोडल्याच्या खुणा अपेक्षित असतात. पर्वरीतील कामावर नेलेले ड्रिल तिथून चोरीला गेले, तर मांगराच्या पत्त्यावरचा विमा उपयोगी पडत नाही.

गोव्यातील आणखी एक अडचण मालकीची आहे. वडिलोपार्जित घर अनेक भावंडांच्या सामाईक नावावर असते, आणि येथील नागरी कायद्यानुसार वेगळा करार नसल्यास पतीपत्नीची मालमत्ताही सामाईक ठरते. त्यामुळे १/१४ उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद), घरपट्टीची पावती आणि प्रत्यक्ष ताबा यांत ज्यांची नावे आहेत, त्यांचा हितसंबंध अर्जात नोंदवावा. यंत्रे एकट्या आपली असतील तर त्यांची बिले वेगळी लावावीत. बिले हरवली असल्यास प्रत्येक यंत्राचे क्रमांकासह छायाचित्र काढून ते घराबाहेर, म्हणजे ईमेलवर किंवा नातेवाइकाकडे, ठेवावे.

नुकसान झाल्यावर कंपनीला लगेच कळवावे, आग असल्यास अग्निशामक दलाचा अहवाल घ्यावा आणि सर्वेक्षक येईपर्यंत जळके सामान फेकू नये. उरलेले सामान पावसापासून झाकणे मात्र आपले कर्तव्य आहे. दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क अर्ज करता येतो, आणि एकल मालकीचे छोटे व्यावसायिकही तिथे दाद मागू शकतात.