चिलिकाचं पाणी मोजायला शिकायचं असेल तर

किनारी पाणथळींवर काम करू पाहणारी मुलं-मुली मला बहुतेक वेळा एकच विचारतात : कुठलं यंत्र चालवायला शिकू? मी सांगते, आधी खारटपणा शिका. ओडिशातल्या चिलिका सरोवरावर काम केल्यापासून माझं हे मत पक्कं झालं आहे.

चिलिकात उत्तरेकडून दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं, तर समुद्रमुखातून बंगालच्या उपसागराचं खारं. पावसाळ्यात उत्तरेचा भाग जवळजवळ गोडा होतो, उन्हाळ्यात मुखाजवळचं पाणी समुद्राइतकं खारं. कोळंबी, खेकडे, मासळी यांचं येणं-जाणं या चढउतारावर चालतं. गाळाने समुद्राची वाट अडली तेव्हा खारटपणा उतरला, गोड्या पाण्यातलं तण माजलं आणि मासळी घटली. १९९३ साली चिलिकाचं नाव रामसर कराराच्या, म्हणजे पाणथळी जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, धोक्यातल्या पाणथळींच्या यादीत गेलं. सप्टेंबर २००० मध्ये सातपाड्याच्या बाजूला नवं मुख खोदलं, खारं पाणी आत येऊ लागलं, मासळी परतली आणि २००२ मध्ये ते नाव यादीतून निघालं. खारटपणाच्या नोंदी नसत्या तर मुख कुठे खोदायचं आणि खोदून काय साधलं, हे ठरवायचं कशावरून?

पण नुसता आकडा वहीत उतरवून भागत नाही. वेळ, भरती की ओहोटी, वारा, खोली, शेजारी कोळंबीची घेरी (कोळंबी वाढवायला बांध-जाळी घालून अडवलेलं पाणी) आहे का, हे सगळं त्याच ओळीत लिहा. सरोवर उथळ आहे, वारा सुटला की तळाचा गाळ वर येतो आणि गढूळपणाबरोबर फॉस्फेटही वाढलेलं दिसतं. ते सांडपाण्यामुळे की वाऱ्यामुळे, हे वहीच सांगते. खारं पाणी जड, ते गोड्याखाली सरकतं. म्हणून मुखाजवळ पृष्ठभागाचा आणि तळाचा नमुना वेगळा घ्यायचा.

विरघळलेल्या प्राणवायूचंही असंच. पाणवनस्पती आणि शेवाळ रात्रभर श्वसन करतात, त्यामुळे पहाटे तो सर्वात कमी असतो आणि दुपारी चढतो. सकाळच्या एका ठिकाणाची दुपारच्या दुसऱ्याशी तुलना केली तर निष्कर्ष फसतो. मीटर हाताशी असलं तरी रसायनं घालून प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत शिकाच. बाटली बुडबुडा न राहता भरायची, नावेतच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं. तळाशी बसणारा साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मीटर भलतं दाखवू लागलं तर लगेच शंका येते. पाण्यात शेवाळ किती हे ज्यावरून कळतं त्या हरितद्रव्याचा (क्लोरोफिलचा) नमुना मात्र अंधारात, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी गाळून घ्या.

नावाडी आणि मच्छीमारांशी बोलायला थोडी ओडिया शिकून जा. समुद्री गवत कुठे पसरलं, कुठलं पाणी कधी वास मारतं, हे त्यांना आधी कळतं. त्यांनी सांगितलेलं तारखेसह लिहून ठेवा. इरावती डॉल्फिन असतात त्या पट्ट्यात नाव हळू न्यायला सांगणं हेही आपलंच काम.

शिक्षणाचं म्हणाल तर रसायनशास्त्राचा पाया आणि संख्याशास्त्र, दोन्ही हवं. सागरी विज्ञानाचे अभ्यासक्रम गोवा विद्यापीठात आणि चिलिकाजवळच्या बेरहामपूर विद्यापीठात आहेत. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्याला जवळची. सुरुवातीच्या जागा बहुधा प्रकल्पापुरत्या असतात, म्हणून संशोधनवृत्ती आणि प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी कामाच्या जोडीने चालू ठेवा.

चिलिकाला जाणं लांबलं तरी थांबू नका. कोकणातल्या कर्ली किंवा कालावल खाडीच्या एका धक्क्यावर रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं छोटं उपकरण) आणि थर्मामीटर घेऊन बसा, एक पूर्ण भरती-ओहोटी दर तासाला वाचन घ्या, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. मुलाखतीला ती वही बरोबर न्या.