पिकेर्मी बघायचं तर आधी हाडं, मग ओढा

पिकेर्मी हे अथेन्सच्या पूर्वेला साधारण २० किलोमीटरवरचं उपनगर. सत्तर लाख वर्षांहून जुन्या सस्तन प्राण्यांच्या हाडांसाठी ते जगभर ओळखलं जातं. पण तिकीटखिडकी आणि काचेच्या पेट्या असतील अशा समजुतीने थेट तिथे गेलात, तर हात हलवत परत याल. उत्खननाच्या जागा ओढ्याच्या काठी आहेत आणि त्या एरवी झाकलेल्या असतात. हाडं संग्रहालयात गेलेली आहेत.

म्हणून सकाळी आधी झोग्राफू भागातलं अथेन्स विद्यापीठाचं जीवाश्म व भूशास्त्र संग्रहालय बघा. विद्यापीठाचं असल्याने वेळा सुट्ट्यांप्रमाणे बदलतात. निघण्यापूर्वी विचारून घ्या. मेसोपिथेकस या माकडाचं नाव १८३९ मध्ये पिकेर्मीच्याच हाडांवरून ठेवलं गेलं, त्याला आधी शोधा. हिप्पारिऑन या घोड्याच्या पायाशी मात्र रेंगाळा: मधल्या मोठ्या बोटाच्या दोन्ही बाजूंना दोन लहान बोटं दिसतील. आजच्या घोड्याला ती नाहीत. वरच्या दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर दंतवल्काचं एक सुटं बेट दिसतं, हीही त्याची खूण. डायनोथेरियम या हत्तीच्या नामशेष भाईबंदाचे सुळे वरच्या नव्हे, खालच्या जबड्यातून निघून खाली वळतात. अँकिलोथेरियम या घोडा-गेंड्यांच्या नामशेष नातेवाइकाला खुरांच्या जागी नख्या होत्या. ‘ग्रेकोपिथेकस’ हा नामशेष वानर पिकेर्मीच्या हाडांत शोधू नका. त्याचा जबडा अथेन्सच्याच दुसऱ्या भागात १९४४ मध्ये सापडला. ही गल्लत नेहमी होते.

दुपारी पेदिओन तू आरेओस बागेजवळून राफिना बंदराकडे जाणारी केटेल (KTEL, शहराबाहेर जाणारी) बस धरा आणि चढतानाच ‘पिकेर्मी?’ असं विचारून घ्या. ओढ्याचं नाव मेगालो रेमा, म्हणजे शब्दशः मोठा ओढा. काठच्या कापलेल्या दरडी लालसर असतात. हा पेंतेली डोंगराकडून वाहून आलेला गाळ, लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल झालेला. अधूनमधून गोट्यांचे थर दिसतील. तिथे पाण्याचा जोर होता. बारीक गाळ म्हणजे संथ पाणी. एवढं ओळखता आलं तरी फेरी वसूल.

पांढरट तुकडा दिसला तर उचलू नका. लाल मातीतलं हाड ठिसूळ असतं, बोटाच्या दाबाने चुरा होतं. उत्खनन करणारे त्याला आधी प्लास्टरचं कवच चढवतात. शिवाय कोणत्या थरातून निघालं हे एकदा हरवलं की ते हाड अभ्यासाच्या दृष्टीने निम्मं मेलं. लांबून ओळखायचं असेल तर हाडाच्या पोकळीत कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाचे स्फटिक चमकतात का बघा. १८३८ मध्ये एका बव्हेरियन सैनिकाने त्यांनाच हिरे समजून एक तुकडा म्युनिकला नेला होता. मेसोपिथेकसची कथा तिथूनच सुरू झाली.

पावसाळी दिवशी ओढ्यात उतरू नका. डोंगरावर पडलेला पाऊस इथे अचानक लोंढा होऊन येतो. उलट जुलै-ऑगस्टमध्ये वारा असेल तर वणव्याची सूचना बघूनच निघा, २०१८ चा ‘माती’ (Mati) नावाच्या गावातला वणवा याच परिसरातला. बूट घट्ट, पाणी दीड लिटर. ओढ्याकाठच्या फेरीला तासाभराहून जास्त वेळ लागत नाही.

भारतात परतल्यावर जोडी लावायची असेल, तर खंभातच्या आखातातल्या पिरम बेटाची माहिती काढा. पिकेर्मीसारखेच जिराफाचे नामशेष भाईबंद तिथेही सापडले आहेत.