कूलर बंद केला का? जुनी मोटोक्रॉस घरी रंगवण्याआधी

मोटोक्रॉस म्हणजे मातीतल्या शर्यतीची गाडी. तिला पाना लावायच्याही आधी एक काम करा. रंगाच्या दिवशी कूलर बंद राहील ना, हे घरच्यांशी बोलून ठेवा. हसू नका. मागच्या मे महिन्यात माझ्या येझदीच्या टाकीची वाट या कूलरनंच लावली. लाल रंगाचा मस्त हात बसला होता. पाच मिनिटांत त्यावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर आला. थिनरवाल्याला शिव्या घातल्या, स्प्रे गन तीनदा धुतली, दुसरा हात मारला. पुन्हा तेच.

झालं होतं असं की थिनर उडताना पत्र्याची उष्णता घेऊन उडतो. पत्रा हवेपेक्षा गार पडतो आणि हवेत ओल असली की ती रंगावर दवासारखी बसते. नागपूरचा मे म्हणजे कोरडा ठक्क, म्हणून मी मुद्दाम नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, धरला होता. पण कूलर खिडकीतून जेवढी हवा आत ढकलतो तेवढी कुठून तरी बाहेर पडणारच. आमच्याकडे ती मागच्या दारानं पडवीत येते आणि पडवीतच मी टाकी टांगलेली. वाळ्याच्या ताटीतून भिजून आलेला झोत सरळ ओल्या रंगावर! बरं, कूलरच्या मागच्या बाजूला रंग मारू म्हणाल तर तेही नको, थिनरचा सगळा वास तो घरात ओढतो. बंद म्हणजे बंद. पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवणं हेही बंद नव्हे, ताट्या ओल्याच असतात आणि धूळ उडते ती वेगळी. आई म्हणाली, "पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद? काऊन रे, डोकं फिरलं का तुझं?" त्यावर उपाय वेळेचा आहे. सकाळी सहाला सुरू करा, आठच्या आत गन धुऊन ठेवा. तसंही ऊन चढल्यावर रंग पत्र्यावर पोहोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. थिनर सावकाश उडणारा मागा, स्वस्तातला भुर्रकन उडणारा नको. पावसाळ्यात हे काम काढूच नका. हिवाळा सगळ्यात बरा, पण तेवढा धीर कोणाला असतो!

आता गाडी. फोटो काढा, नटबोल्ट पिशव्यांत भरून नावं घाला, हे कोणीही सांगेल. माझी येझदी रोडकिंग मॉडेलची, ती आधीच्या मालकानं मातीत पळवण्यासाठी उघडी केलेली होती: हेडलाइट गायब, हँडल रुंद, बटण टायर. अशा गाडीची चासी रंगाआधी रॉकेलनं धुवून उजेडात नीट बघा. उड्या मारलेल्या गाडीला तडा जातो तो हँडलच्या मानेशी, फूटरेस्टच्या जोडाशी आणि मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा दांडा) बसतो तिथे. वेल्डिंग आत्ताच करून घ्या, रंगावर वेल्डिंग केलं की रंग गेलाच. चासी नंबरावर पॉलिश पेपर फिरवू नका. गाडी रस्त्यावर आणायची असेल आणि रंग बदलणार असाल, तर आरसीवरही तो बदलून घ्यावा लागतो.

सँड ब्लास्टिंगला देताना कोन सेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) वाट्या, बुशच्या जागा आणि सगळे आटे बुचं मारून बंद करूनच द्या. रेती आत राहिली की नवा कोन सेट महिन्यात खडखडतो. अर्थची वायर जिथे बसते तेवढी जागा रंगानंतर खरवडून कोरी करा, नाहीतर किका मारून मांडी भरून येईल आणि स्पार्क काही मिळायचा नाही.

टाकी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण पेट्रोलची वाफ आतच असते. डेंट काढायला गॅसची ज्योत लागणार असेल तर टाकी आधी पाण्यानं खळखळून धुवा, मग काठोकाठ पाणी भरून द्या. आतला गंज काढल्यावर लगेच वाळवा, नाहीतर रात्रीत परत गंजते. पुट्टी कमी लावा. प्रायमर, मग ६०० आणि ८०० नंबरचा पेपर पाण्यात, पूर्ण वाळवणं, पुसणं. पुसल्यावर उघड्या हातानं शिवायचं नाही, विशेषतः तर्री-पोहे खाऊन आलेल्या हातानं. तेलाचं बोट लागलं की रंग तिथून पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा. कूलर बघा. आत कोणी हळूच लावला नाही ना? माझ्याकडे दुसऱ्या दिवशी पाहुणे आले होते आणि काकांनी बटण दाबलं.

रंग कोणता हा वादाचा विषय. माझा हट्ट लालच, कारण येझदी म्हैसूरला बनली तरी तिचं गोत्र चेक, आणि बेल्जियमच्या जोएल रोबेरनं सीझेड या चेक कंपनीच्या गाडीवरच १९६४, १९६८ आणि १९६९ साली मोटोक्रॉसचं २५० सीसीचं जागतिक अजिंक्यपद मारलं. नंबराची पाटी मात्र मनानं रंगवू नका. त्या काळच्या रिवाजात १२५ सीसीला काळी, २५० ला हिरवी, या दोन्हींवर पांढरे आकडे, आणि ५०० ला पिवळी पाटी, तिच्यावर काळे आकडे. पिवळी पाटी लावलेली २५० जाणकाराला लांबूनच खुपते.

टाकीवर नुसता एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग ठेवला तर पेट्रोलचा ओघळ तो खाऊन टाकतो. वरून पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, हवाच. तो घरी मारू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही, दमा कायमचा मागे लागू शकतो. मी टाकी गॅरेजमध्ये नेऊन मारून घेतो, तिथे बाहेरची हवा पुरवणारा मास्क आहे. त्यांच्याही पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात कूलर आहे. विचारा. लाज बाळगू नका.

जोडणी उलट्या क्रमानं. केबल, चेन, ब्रेक शू नवे. आठवडाभर टाकीत पेट्रोल नाही. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल.

टाकी कितीही वाळलेली वाटली तरी पहिली रात्र ती मागच्या दाराशी ठेवू नका. संध्याकाळी कूलर लागणारच.