माता-बाल आरोग्यसेवा सुधारताना या चुका टाळा

केंद्रात होणारी बाळंतपणं वाढतात, अहवाल छान दिसतो, तरी आया आणि नवजात बाळं दगावण्याचं प्रमाण हलत नाही. साधनं तुटपुंजी असलेल्या देशांत काम करणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. मग "आणखी काय हवं?" याची यादी सुरू होते. माझा आग्रह असा, की आधी बघा: जे आहे, ते बाळंतपणानंतरच्या पहिल्या तासात हाताशी येतं का?

सांडलेलं रक्त अंदाजाने मोजणं

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचं एक मोठं कारण. तरी चादर आणि फरशी बघून "फार नाही गेलं" असं ठरवलं जातं. अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. रक्त संथपणे झिरपत राहिलं की आणखी फसगत होते, आणि बाळंतिणीचा चेहरा पांढरा पडेपर्यंत हातातली वेळ गेलेली असते.

उपाय साधा आहे. प्रसूतीनंतर लगेच तिच्या कमरेखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत ही पिशवी वापरली गेली. जास्त रक्त जातंय असं दिसताच गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करणारं इंजेक्शन), ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध), सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू केलं, एक उपाय फसल्यावर दुसरा असं नाही. २०२३ साली निष्कर्ष आले: गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि त्यातले मृत्यू, हे एकत्र धरून ६० टक्के घट. यातलं एकही औषध नवं नव्हतं.

"इंजेक्शन दिलं, तरी रक्त थांबत नाही"

ही तक्रार वारंवार येत असेल तर आधी औषधाचं कपाट उघडून बघा. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. उन्हाळाभर ते उघड्या फळीवर राहिलं तर त्याची ताकद उतरते, आणि कुपीकडे बघून ते कळत नाही. पुष्कळदा शेजारच्याच खोलीत लसींचा फ्रीज चालू असतो, पण तो दुसऱ्या विभागाचा म्हणून कोणी विचारतच नाही. विचारा. फ्रीजचा भरवसाच नसेल, तर रक्तस्राव टाळण्यासाठी उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या मागवा.

बाळासाठीची बॅग कुलपात

रात्रीचे दोन. बाळ जन्मलं, पण रडत नाही. श्वास देण्याची बॅग आहे, पण ती भांडार खोलीत, आणि किल्ली दिवसपाळीच्या नर्सकडे. पुसून कोरडं करूनही बाळ श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटातच बॅगने श्वास सुरू व्हायला हवा. तो मिनिट किल्ली शोधण्यात जातो. महाग वस्तू हरवू नये म्हणून कुलूप लावणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण या बॅगची जागा खाटेशेजारीच. प्रत्येक पाळी सुरू होताना मास्क तळहातावर घट्ट दाबून बॅग दाबून बघा. हवा कुठून निसटत नाही ना, ते तिथेच कळतं. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ऑक्सिजनची वाट बघत थांबू नका, साध्या हवेने सुरुवात करता येते. आणि उलटं धरून पाठीवर चापट्या मारणं पूर्ण बंद करा.

भेटी मोजणं, बीपी न मोजणं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गरोदरपणात आठ भेटी सुचवल्या आहेत. बीपीचं यंत्र बंद असेल तर त्या आठ भेटींतून रजिस्टर तेवढं भरतं. बीपी खूप वाढलेलं आणि झटक्यांचा धोका असलेल्या बाईला झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस न देताच मोठ्या रुग्णालयाकडे जाणाऱ्या गाडीत बसवणं, ही तर फार महागात पडणारी चूक. पाठवण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोनही करा. तिथे भूलतज्ज्ञ किंवा रक्त नसेल, तर ते निघण्यापूर्वी कळायला हवं.

यादी भिंतीवर, शिकवणारा गायब

उत्तर प्रदेशात सुरक्षित प्रसूतीची तपासणी यादी मार्गदर्शकांसह राबवली गेली. २०१७ च्या निष्कर्षांत कामाच्या पद्धती सुधारलेल्या दिसल्या, मृत्यू मात्र घटले नाहीत, आणि मार्गदर्शकांच्या भेटी संपल्यावर सुधारणाही ओसरू लागली. मी यातून यादी निरुपयोगी असा अर्थ काढत नाही. तिच्यासोबत कौशल्य, औषधं आणि पुढे पाठवायची सोयही लागते. म्हणून सभागृहातल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा प्रसूतिकक्षातच दर आठवड्याला दहा मिनिटं बाहुलीवर सराव घ्या, रात्रपाळीलाही.

मृत्यूनंतर दोषी शोधणं

आढावा बैठकीत नर्सला उभं करून झापलं, की पुढच्या वेळी नोंदी "नीट" लिहिल्या जातात आणि खरं कारण झाकलं जातं. नाव न घेता वेळांचा क्रम मांडा: घरून कधी निघाली, केंद्रात कधी पोचली, पहिलं औषध किती वाजता मिळालं. मग फाईल बंद करण्याआधी त्याच पानावर लिहा, की उद्यापासून औषध कुठे असेल, किल्ली कोणाकडे आणि फोन कोण करेल.