फळछाटणीआधीच उभा करा नेटवर्क कंट्रोलर : नाशिकच्या द्राक्षबागायतदारांसाठी सप्टेंबरचा सल्ला

ज्यांनी फळछाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरली आहे आणि यंदा बागेत वायरलेस सेन्सर बसवायचे ठरवले आहे, त्यांनी नेटवर्क कंट्रोलर, म्हणजे सगळ्या नोडची (बागेत ठिकठिकाणी लावलेल्या वायरलेस सेन्सर-संचांची) माहिती गोळा करून सिमकार्डावरून पुढे पाठवणारी पेटी, आत्ताच उभी करून घ्यावी. ‘छाटणी उरकली की बघू’ असे म्हणू नका. आत्ता वेलीवर पूर्ण कॅनॉपी, म्हणजे पानांचा पसारा आहे. पानात पाणी असते आणि पाणी रेडिओ लहरी जिरवते, त्यामुळे बागेतली सर्वात कठीण परीक्षा आत्ताच घेता येते. छाटणीनंतर उघड्या काड्यांमध्ये चाचणी घेतली तर शेवटच्या ओळीतला नोडही खणखणीत रेंज दाखवतो. मग चाळीस-पन्नास दिवसांनी, फुलोरा ते मणी सेटिंगच्या काळात, बाग भरली की तोच नोड गप्प होतो. पानगळीसाठी इथेफॉन मारणार असाल तर चाचणी त्या फवारणीच्या आधी उरका.

हा काळ चुकवून का चालत नाही, ते डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) स्वभावात आहे. डाऊनीच्या बीजाणूंना पानात शिरायला पानावर पाणी लागते, आणि रात्रीच्या दमट हवेत पानाच्या खालून पांढरी बुरशी येते. भुरीला असे पाणी लागत नाही, तिला ढगाळ, सौम्य हवा पुरते. काल रात्री पान दोन तास ओले होते की आठ तास, यावर सकाळची फवारणी करायची की वाचवायची हे ठरते. निर्यातीच्या बागेत रेसिड्यूचा, म्हणजे मालावर उरणाऱ्या औषधाच्या अंशाचा हिशेब असतो, तिथे वाचलेली एक फवारणीही मोलाची असते. आणि मधली एक रात्र गायब झाली की ओलाव्याच्या तासांची बेरीजच खोटी पडते. म्हणून मी सेन्सरच्या किमतीपेक्षा कंट्रोलरच्या जागेबद्दल जास्त आग्रह धरतो.

जागा निवडताना पंपघराच्या भिंतीवर, पत्र्याखाली पेटी ठोकण्याचा मोह होतो, कारण वीज तिथेच असते. ते टाळा. पत्रा लहरी अडवतो. वाय पद्धतीच्या (इंग्रजी Y आकाराच्या मांडवाच्या) बागेत अँगल आणि तारांचे लोखंडी जाळे असते, त्याच्या पातळीत अँटेना ठेवली तर ओळींच्या आडव्या दिशेला माहिती पोचत नाही. अँटेना कॅनॉपीच्या किमान सहा-आठ फूट वर हवी, म्हणजे जमिनीपासून पंधरा ते वीस फुटांचा पाइप. तो शक्यतो उंच जागी आणि जमेल तितका बागेच्या मधोमध धरा. दोन प्लॉटच्या मध्ये शेवरी-सुबाभळीचा वारारोधक किंवा आंब्याची झाडे असतील तर त्यांच्याही वर जावे लागेल. निफाड, दिंडोरीकडच्या काळ्या भारी जमिनीत नुसता गाडलेला पाइप पावसात फुगून आणि उन्हात भेगाळून कलतो. तीन फूट खोल काँक्रीटचा पाया आणि तीन बाजूंनी ताणतारा द्या.

अँटेनाची केबल आखूड ठेवा. पेटी खाली आणि अँटेना वर असे केले तर दहा मीटर साध्या बारीक कोॲक्स केबलमध्ये निम्म्याहून जास्त शक्ती जिरते. त्यापेक्षा पावसापासून बंद होणारी पेटीच पाइपवर चढवा आणि खालून फक्त विजेची वायर वर न्या. अँटेना सरळ उभी असावी, आणि ती जोडल्याशिवाय पेटीला वीज देऊ नका, रेडिओचा भाग जळू शकतो.

खरेदी करताना फ्रिक्वेन्सी नक्की विचारा. आपल्याकडे लोरा प्रकारच्या (कमी विजेवर लांब पल्ल्यापर्यंत थोडी माहिती पाठवणाऱ्या) उपकरणांसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे काही संच अमेरिकेच्या ९१५ च्या पट्ट्यावर चालतात, ते घेऊ नका. कंट्रोलर आणि नोड एकाच पट्ट्याचे हवेत आणि अँटेनाही त्याच पट्ट्याची हवी. झिगबी प्रकारचे (कमी पल्ल्याचे) वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. दाट बागेत त्यांचा पल्ला लवकर तुटतो आणि शेतघरातला वायफाय राउटरही त्याच पट्ट्यात बोलतो. असा संच आधीच घेतला असेल तर चॅनेल २५ किंवा २६ ठेवा आणि राउटरपासून पेटी लांब लावा. एकरभराच्या आत सगळे असेल तर झिगबी चालतो, त्याहून मोठ्या बागेला माझे मत लोराकडे आहे.

आता वीज. शेतीची थ्री फेज ठरावीक तासच येते, आणि स्टार्टर ओढला की त्याच लाइनवर झटका बसतो. कंट्रोलर मोटारीच्या लाइनवर जोडूच नका, सौर पॅनेल घ्या. हिशेब असा करा : सिमसह पेटीला सरासरी ४ वॉट लागत असतील तर दिवसाला ९६ वॉट-तास होतात. नुसत्या उन्हाच्या दिवसाचा विचार करून बॅटरी घेतली तर फसगत होते, कारण डाऊनीला पोषक दिवस हे ढगाळच असतात आणि पॅनेल तेव्हाच उपाशी राहते. तीन दिवसांची, म्हणजे सुमारे २९० वॉट-तासांची तजवीज ठेवा. १२ व्होल्ट, ३० एएचची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ३६० वॉट-तास धरते. साधी लेड ॲसिड घेतली तर तिची निम्मीच ताकद वापरावी, म्हणून ५० एएचची घ्या. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंश कललेले ठेवा आणि ६० वॉटच्या खाली जाऊ नका.

परतीच्या पावसात विजा कडकडतात. पाइपच्या टोकाला अँटेनापेक्षा उंच तडितरोधक आणि त्याला स्वतंत्र अर्थिंग द्या. विजा चमकत असताना पाइपला हात लावू नका, डेटा बंद पडला असला तरी.

नोड जोडताना घाई नको. नोड एकेक करून पेटीजवळ आणा, त्याचा क्रमांक आणि किल्ली (त्याचा गुप्त सांकेतिक कोड) ॲपमध्ये भरा, पहिली नोंद आलेली डोळ्यांनी पाहा, आणि मगच तो त्याच्या ओळीत न्या. नोडवर पक्क्या मार्करने प्लॉट व ओळ लिहा. सगळे एकदम चालू केले की कोणता नोड कुठला, हा घोळ हंगामभर पुरतो. जोडणी संपली की नवीन नोड घेण्याची सोय बंद करा आणि कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदला. पेटीचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना, ते तपासा. साडेपाच तासांचा फरक पडला तर पहाटेचे दव आदल्या रात्री पडलेले दिसेल. सिम घेण्याआधी मोबाइल पाइपच्या जागीच नेऊन कोणत्या कंपनीची रेंज टिकते ते पाहा. रेंज गेली तर नोंदी आत साठवून नंतर पाठवणारीच पेटी घ्या, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या.

पानओलावा सेन्सर घडांच्या उंचीवर, कॅनॉपीच्या आत, तिरपा लावा आणि दर पंधरा मिनिटांनी नोंद घ्या. जमिनीच्या ओलाव्याला तासाची एक नोंद पुरते, उगाच बॅटरी खर्ची घालू नका. बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण) मारल्यावर या सेन्सरवर निळसर थर बसतो आणि कोरड्या उन्हातही तो ‘ओले’ दाखवत राहतो. फवारणीनंतर साध्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून घ्या. एक तापमान-आर्द्रता नोड कादवा-गोदावरीकाठच्या सखल प्लॉटमध्ये हवाच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा बातमीत येतो, पण थंड हवा सखल जागी साचते आणि तुमच्या खोलगट प्लॉटचे तापमान त्याहून वेगळे असू शकते. शेजारच्या चार बागायतदारांनी मिळून एकच कंट्रोलर उभारला तरी हरकत नाही, लोराची पेटी बरेच नोड सांभाळते. फक्त पाइप कोणाच्या बांधावर आणि सिमचे पैसे कोण भरणार, हे आधी ठरवा.

शेवटी सिग्नलचे आकडे (डीबीएममध्ये; वजा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर) वहीत उतरवा. लोराचा नोड वजा १०० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. वजा ११५ च्या पुढे गेला असेल तर आत्ताच अँटेना उंच करा किंवा नोडची जागा बदला. छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पाऊस किंवा दव पडलेल्या सकाळी, पाने ओली असताना तेच आकडे पुन्हा पाहा आणि ज्या ओळीतला नोड दिवसातून दोन-तीन नोंदी गाळतोय, तिथे त्याच दिवशी जाऊन बॅटरी आणि अँटेनाचा स्क्रू तपासा.