स्पितीत हिमबिबट्याच्या कामाला जाणाऱ्या नवख्यांसाठी

नागपुरात प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली मुले-मुली हिमाचल प्रदेशातल्या स्पितीच्या कामाची चौकशी करायला माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘हिमबिबट्या किती वेळा दिसला?’ हाच असतो. चौदा महिन्यांत तीनदा, त्यातही दोनदा दुर्बिणीतून पलीकडच्या उतारावर, एवढे सांगितले की निम्म्यांचा उत्साह मावळतो. उरलेल्यांसाठी हे लिहीत आहे, कारण जाण्यापूर्वी मला हे कोणी सांगितले असते, तर माझ्या हातून झालेली एक चूक तरी टळली असती.

पेंच आणि ताडोबा पाहत वाढलेल्या माणसाला स्पितीत आधी जंगलच सापडत नाही. किब्बर हे गाव सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. तेथे सागवान नाही, बांबू नाही, नजर जाईल तिथवर उघडे डोंगर आणि खुरटे गवत. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पांत गाभा क्षेत्र वेगळे, भोवतालचा बफर पट्टा वेगळा, आणि गाभ्यातील गावे उठवून बाहेर वसवण्याचा प्रघात आहे. हिमबिबट्याच्या बाबतीत तसे करता येत नाही, कारण तो फार विरळ, फार मोठ्या मुलखात फिरतो आणि तो मुलूख म्हणजेच गावकऱ्यांची कुरणे. किब्बर अभयारण्य १९९२ मध्ये जाहीर झाले, पण याकांची आणि घोड्यांची चराई त्यापूर्वीपासून चालत आलेली. त्यामुळे नकाशावर रेघ ओढून तेथे काही साधत नाही. जे साधते ते गावाच्या संमतीने.

ती संमती कशी मिळाली, हे निघण्यापूर्वी नीट समजून घ्यावे. वन्यजीव संशोधक चारुदत्त मिश्रा यांनी किब्बर परिसरात केलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की अठरा महिन्यांत गावांची सुमारे १८ टक्के जनावरे हिमबिबट्या आणि लांडगा यांनी मारली होती. कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात एवढे नुकसान झाले, तर त्या श्वापदाबद्दल प्रेमाने बोलायला सांगणे हा उद्धटपणाच ठरेल. शिवाय गुरे वाढली की भरल या जंगली मेंढीवजा प्राण्याच्या वाट्याचे गवत कमी होते, भरल घटतात आणि हिमबिबट्या आणखी गोठ्यांकडे वळतो, असे हे दुष्टचक्र. म्हणून १९९८ मध्ये गावाने आपल्या कुरणाचा काही भाग मोबदल्याच्या बोलीवर चराईसाठी बंद केला आणि त्याच्या राखणीला गावातलीच मुले नेमली. २००२ मध्ये जनावरांचा सामूहिक विमा सुरू झाला. एकीकडे भक्ष्य वाढवायचे आणि दुसरीकडे नुकसान वाटून घ्यायचे, अशी ही जोडी आहे. यातले एकच केले असते, तर ते टिकले नसते असे माझे मत आहे.

विम्याची रीत साधी आहे. घराघराने जनावरामागे हप्ता भरायचा, सुरुवातीच्या निधीला तेथे संवर्धनाचे काम करणाऱ्या संस्थेने हातभार लावायचा, आणि जनावर मारले गेले की गावाच्या समितीने खात्री करून रक्कम ठरवायची. खोटा दावा करणारा माणूस सरकारला नव्हे तर शेजाऱ्याला फसवत असतो, आणि सगळी ताकद या गोष्टीत आहे. आपल्याकडे वनरक्षक येऊन पंचनामा करतो, कागद वर जातात आणि धनादेशाची वाट पाहिली जाते. तेथे पंचनामा करणारा आणि भरपाईचा भार उचलणारा एकाच बाकावर बसलेले असतात.

माझी चूक नेमकी येथेच झाली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी नाल्याजवळ याकाचे वासरू मेलेले सापडले. गळ्यावर सुळ्यांच्या खुणा होत्या, बर्फात ठसे होते, आणि शेपटी जेथे टेकली होती तेथे हलकी रेघ उमटलेली होती. नवीन शिकलेले ज्ञान हातात आल्याच्या आनंदात मी त्या वृद्ध मालकाला हिंदीत सांगून टाकले की हा हिमबिबट्याच आहे आणि पैसे आठवडाभरात मिळतील. माझा स्थानिक सहकारी गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. समिती बसली तेव्हा विम्याच्या वहीत त्या वासराची नोंदच नव्हती, कारण त्या घराने त्या वर्षी मोठ्या याकांचाच हप्ता भरला होता. समितीने दावा नाकारला. मालकाने माझ्या शब्दाचा दाखला दिला, आणि शब्द देण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न अत्यंत शांतपणे मला विचारण्यात आला. नियम वाकवून त्यांना पैसे देता आले असते, पण मग पुढच्या वर्षी हप्ता कोणी भरला असता? मी सर्वांसमोर माफी मागितली. त्या घरातला चहा पुन्हा मिळायला तीन आठवडे लागले.

तेव्हा नवख्यांनी पहिले दोन-तीन महिने उत्तरे न देता बसायला शिकावे, आणि हिशेबाची वही वाचायला शिकावे. प्राणिशास्त्राच्या पदवीत हे कोठेच येत नाही. वाणिज्य शाखेचा एखादा मित्र माझ्यापेक्षा लवकर उपयोगी पडला असता, हे मी गमतीने म्हणत नाही.

शास्त्रीय काम अर्थातच आहे. भरल मोजताना दोन निरीक्षक एकाच वाटेने थोड्या अंतराने चालतात आणि एकमेकांना न सांगता कळप टिपतात. दोघांना दिसलेले आणि एकालाच दिसलेले कळप किती, यावरून दोघांच्याही नजरेतून किती सुटले याचा अंदाज बांधता येतो. कॅमेरे कड्यालगतच्या वाटांवर आणि गंधखुणा असलेल्या खडकांजवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावतात. थंडीत बॅटऱ्या झपाट्याने उतरतात, म्हणून त्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. अशाच कॅमेऱ्यांच्या देशभरातल्या कामातून जानेवारी २०२४ मध्ये भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज जाहीर झाला. त्यांपैकी ५१ हिमाचलात.

शिक्षणाबद्दल थोडक्यात: देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथील पदव्युत्तर अभ्यासक्रम चांगले आहेत, पण क्षेत्र-सहायक म्हणून जायला साधी पदवी, चालण्याची सवय आणि बरी हिंदी पुरते. आधी शक्य असल्यास गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे जाऊन यावे. तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि २००९ मध्ये तिला सामूहिक वनहक्क मिळाले. गावाची बैठक कशी लांबते, कोण केव्हा बोलतो आणि कोण मुद्दाम बोलत नाही, हे आपल्या भाषेत एकदा पाहिलेले असले की परक्या भाषेत ओळखू येते.

आता मी उमरेडच्या बाजूच्या गावांत काम करतो. स्पितीचा विमा जसाच्या तसा येथे चालत नाही, कारण वाघाच्या वाटेत ढोरेच नव्हे तर पहाटे मोहफुले वेचणारी माणसेही येतात, आणि माणसाचा हप्ता ठरवता येत नाही. गेल्या महिन्यात एका ढोरक्याची कालवड गेली. भरपाई मिळेल का, असे त्याने विचारले, तेव्हा मी फक्त त्याच्यासोबत जागेवर गेलो, वनरक्षकाला फोन लावून दिला आणि पंचनामा होईपर्यंत मोहाच्या झाडाखाली बसून राहिलो.