ओस्लो ते ट्रोम्सो: दोन तासांचं विमान, पण हातात एक दिवस ठेवा

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नोकरी किंवा पीएचडी मिळाली की ओस्लोतली आपली मंडळी हमखास सांगतात, "दोन तासांचं तर विमान, त्यात काय!" सांगणारे बहुतेक एकदा उन्हाळ्यात इकडे येऊन गेलेले असतात. प्रेमानेच सांगतात, पण त्या भरवशावर मुंबईचं तिकीट काढू नका.

ओस्लोचा विमानतळ गार्डरमुएन ते ट्रोम्सो हवाई अंतर साधारण 1,120 किलोमीटर. विमान दोन तासांच्या आत पोचतं, हे खरं. रस्त्याने मात्र स्वीडनमधून गेलात तरी 1,600 किलोमीटरच्या वर, म्हणजे वीसेक तास नुसती गाडी हाकायची. रेल्वेचं नाव काढू नका. नॉर्वेची रेल्वे बोडोला संपते, नार्विकला येते ती स्वीडनकडून, ट्रोम्सोला रूळच नाहीत. विमान चुकलं की पुढच्या विमानाची वाट बघायची.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी ओस्लोपर्यंतचं एक आणि तिथून मुंबईचं दुसरं अशी वेगळी तिकिटं काढली. स्वस्त पडत होती, मध्ये अडीच तास होते. सकाळी ट्रोम्सोला खिडकीशी उभी होते. बर्फ काढणाऱ्या गाड्या तिरप्या रांगेत धावपट्टीवरून जायच्या आणि परत येईपर्यंत मागे सगळं पुन्हा पांढरं. मग पंखांवर तो बर्फ वितळवणारा गरम नारिंगी फवारा मारून घ्यायला विमानांची रांग. ओस्लोला पोचले तेव्हा पुढचं काउंटर बंद झालेलं. पहिल्या कंपनीने मला ओस्लोला आणून सोडलं होतं, दुसरीच्या लेखी मी आलेच नव्हते. परतीचा प्रवास त्याच तिकिटावर होता, तोही गेला. बहिणीची हळद मी गार्डरमुएनच्या बाकावर बसून फोनवर पाहिली.

दरवर्षी कुणी ना कुणी नवीन हेच करतं, म्हणून पुन्हा सांगते: ट्रोम्सो ते मुंबई एकच तिकीट, एकच पीएनआर. मग जोडविमान चुकलं तरी तुम्हाला पुढे पोचवणं कंपनीचं काम. वादळामुळे खोळंबा झाला तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण जेवण, रात्रीचं हॉटेल आणि दुसरं विमान त्यांनीच द्यायचं असतं. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर ऑक्टोबर ते एप्रिल आदल्या दिवशीच ओस्लो गाठा, आणि तो मुक्काम तिकिटाच्या खर्चात धरून मग काय स्वस्त पडतं ते बघा.

भारतातून येताना चेक-इनलाच विचारा, बॅग थेट ट्रोम्सोला जाणार की ओस्लोला उतरवून कस्टममधून न्यायची. दोन्ही होतं. तूप-पेढे आणू नका, भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

नॉर्वेच्या ईशान्य टोकाच्या किर्केनेसला जाणाऱ्यांनी नकाशावरून अंदाज बांधूच नये. ते गाव इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे. ट्रोम्सोहून हवेतून 420 किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने जवळपास दुप्पट. विडेरो या विमान कंपनीची छोटी विमानं पुष्कळदा वाटेतल्या गावांना उतरत जातात, आपल्या एसटीसारखी. तिकिटावर थांबे किती ते वाचा.

आणि आईवडील आले की सगळ्यांना त्यांना स्वालबार्ड दाखवायचं असतं. उत्तरेकडची ही बेटं नॉर्वेची, पण शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर. त्यांचा व्हिसा सिंगल एंट्री असेल तर तिथल्या मुख्य गावाला, लाँगइयरब्येनला, नेऊ नका, परत ट्रोम्सोला यायला दुसरी एंट्री लागते. व्हिसाचा अर्ज भरतानाच मल्टिपल मागा.